शिंदोळे उपकेंद्र : निरंक

"साहेब, शिंदोळे पहिलं आलं!"

कुंभोजकरांनी हे असं सांगितलं, की एखाद्याला वाटावं त्यांची मुलगीच बोर्डात आली. हातात चार हात लांब तक्ता, चष्मा कपाळावर आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद. कुंभोजकर आमच्या कार्यालयातले सांख्यिकी सहायक. माणसांशी ते जेमतेम बोलत, पण एखाद्या तक्त्याची बेरीज जुळली नाही तर त्या दिवशी डबा तसाच घरी नेत.

मी तेव्हा आरोग्य सेवेचा उपसंचालक होतो. चार जिल्हे माझ्या हाताखाली. ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्या पदातलं 'उप' तेवढं खरं होतं. संचालकांचं पत्र आलं की 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून खाली पाठवायचं, खालून काही आलं की 'योग्य त्या आदेशार्थ' म्हणून वर सरकवायचं. योग्य काय ते वरचेही लिहीत नसत आणि खालचेही. मी डॉक्टर आहे हे घरात कुणाला ताप आला तरच आठवायचं.

"कशात पहिलं आलं?" मी विचारलं.

"सगळ्यात! चार जिल्ह्यांतल्या एकूण एक उपकेंद्रांत. अतिसार निरंक, हिवताप निरंक, बालमृत्यू निरंक, मातामृत्यू निरंक. सलग तेरा वर्षं, साहेब. एकही अहवाल उशिरा नाही. लसीकरण शंभर टक्के."

"किती मुलांचं?"

"उद्दिष्ट शून्य, साध्य शून्य."

"मग शंभर टक्के कसं?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शून्यापैकी शून्य झालं ना साहेब. काही शिल्लक राहिलं का? सूत्र वरूनच आलंय."

ज्या गावात लस द्यायला एकही मूल नाही, ते गाव कसलं, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पडला नाही. वर्षातल्या उत्कृष्ट उपकेंद्राच्या फिरत्या ढालीसाठी शिफारस त्याच दिवशी जायची होती, चहा गार होत होता. मी सही केली.

आठ दिवसांनी संचालकांचा फोन आला. "लाटकर, तुमचं ते शिंदोळे मंत्रिमहोदयांना फार आवडलंय. तेरा वर्षं आजारच नाही म्हणजे काय! ढाल ते स्वतः उपकेंद्रात येऊन देणार आहेत. येत्या शुक्रवारी. तुम्ही आधी जाऊन तपासणी करून या. रंग, पाणी, संडास सगळं बघा. आणि अहवाल गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे."

मंगळवारी मी कुंभोजकरांना जीपमध्ये घातलं आणि निघालो. त्यांना येण्याची फार हौस होती. इतकी वर्षं ज्याचे आकडे लिहिले ते गाव एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणाले. घाट उतरलो, दोन खिंडी ओलांडल्या. मग रस्ता उताराला लागला, शेवटच्या वळणावर 'शिंदोळे १' असा दगड दिसला. वळण घेतलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. डांबरी रस्ता पुढे तसाच उतरत सरळ पाण्यात शिरला होता. समोर धरणाचं पाणी पसरलेलं, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत.

पाण्याच्या कडेला पांढऱ्या साडीतली एक बाई काखेत रजिस्टर धरून उभी होती. पन्नाशीची असेल. आम्ही उतरताच पुढे झाली.

"नमस्कार सर. मी रत्नमाला भिंगारदिवे. शिंदोळ्याची नर्स."

"नमस्कार. उपकेंद्र कुठे आहे?"

तिने शांतपणे पाण्याकडे बोट केलं. मध्यावर एका वाळक्या झाडाचा शेंडा वर आला होता. "ते झाड दिसतंय ना, बगळा बसलाय ते? त्याच्या जरा अलीकडं."

कुंभोजकरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला. "किती खोल?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"आता पाणी उतरलंय. तीस-चाळीस फूट असेल."

"आणि तुम्ही तेरा वर्षं आम्हाला अहवाल पाठवता?" माझा आवाज चढला. "निरंक म्हणून? फसवणूक आहे ही, बाई! तुमची नोकरी जाईल आणि तुमच्याबरोबर माझीही!"

ती घाबरली नाही. रजिस्टर उघडलं आणि घडीवर फाटलेला एक पिवळा कागद माझ्या हातात दिला. "धरण भरलं त्या महिन्यात मी अहवालात लिहिलं होतं, सर. गाव पाण्यात गेलं, पुढं काय करू ते कळवा. तुमच्या हापिसातनं हे उत्तर आलं."

कागदावर दोन ओळी होत्या. 'सदर रकान्यात फक्त आकडे लिहावेत. मजकूर लिहू नये.' खाली 'उपसंचालक यांचेकरिता' आणि कुंभोजकरांची ठळक सही.

मी तो कागद कुंभोजकरांपुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला. कान लाल झाले होते. "रकाना आकड्यांचाच होता, साहेब," ते हळूच म्हणाले.

"मग मी आकडा लिहिला," भिंगारदिवे सिस्टर म्हणाल्या. "पाण्याखाली कुणाला ताप येतोय? शून्य लिहिलं. खोटं एकदाही लिहिलं नाही, सर."

माझा राग तिथेच अर्धा उतरला. "मग तुम्ही राहता कुठे?"

"वर."

वर म्हणजे डोंगराच्या उतारावर, अर्ध्या तासाच्या चढणीवर. मी धापा टाकत पोचलो तर करवंदीच्या जाळ्यांआड घरं दिसू लागली. कुडाची, कौलांची, काही पत्र्यांची. शेहेचाळीस घरं. कोंबड्या, गोठे, वाळत घातलेले कपडे, आणि आम्हाला बघायला जमलेली पोरंबाळं. तेरा वर्षं निरंक असलेलं सगळं गाव माझ्यापुढे उभं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांची नाकं वाहत होती.

बाबू ढेबे नावाच्या म्हाताऱ्याने पडवीत घोंगडं अंथरलं आणि आम्हाला बसवलं. हकिगत त्याच्याकडूनच कळली. सरकारने सगळ्या गावाला दूर मुलखात, खडकाळ माळावर जमिनी दिल्या होत्या. तिथे विहिरीला पाणी लागेना. वर्षभरात ही घरं परत आली. खाली गाव नव्हतं, म्हणून पाण्याच्या वर जिथे जागा मिळाली तिथे बसली. पण महसूल खात्याच्या दप्तरी ती सगळी माणसं त्या माळावरच राहत होती. इथे, या डोंगरावर, कुणीच नव्हतं.

"नसलेल्या गावाला नर्स मिळत नाही, सर," सिस्टर म्हणाल्या. "पण माझी ऑर्डर शिंदोळ्याची आहे. शिंदोळे कागदावर आहे तोवर मी इथं आहे. पगार होतो, औषधं येतात."

"आणि ही मुलं? यांच्या लसी?"

"लसी सगळ्यांना दिल्यात. नोंद पलीकडच्या कुसवडे उपकेंद्रात करते. तिथल्या रजिस्टरला पाहुण्यांचा रकाना आहे. एकशे सात पोरं झाली, सगळी पाहुणीच."

ढेब्याने माझ्यापुढे पितळीत चहा ठेवला. "सायेब, एक इचारू? तुमी खरं ल्ह्यायला आलाय न्हवं?"

"मला खरंच लिहावं लागेल, काका. गाव पाण्यात आहे, हे कळवावं लागेल."

"मंग बाईचं काय?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. उपकेंद्र नाही असं मी लिहिलं की पद रद्द, आणि महिन्याच्या आत सिस्टरांची बदली दुसऱ्या तालुक्यात. सगळ्यात जवळचा दवाखाना कुसवड्याचा, तोही होडीने आणि पायी मिळून पाच तासांवर होता.

"माज्या सुनंचं पोर आडवं आलं व्हतं," ढेबे म्हणाला. "ह्या बाईनं रातभर हात न्हाई काडला. दोगंबी जित्ती हायत. ती बगा, आंगनात ऱ्हायली उबी." मग त्याने पितळी माझ्याकडे सरकवली. "च्या घ्या सायेब. तुमच्याकडनं काय व्हनार न्हाई त्ये दिसतंयच, पर च्या घ्या."

हे मला लागलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर ताशेरे आले, मेमो आले, पण असं खरं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी चहा घेतला. खरं लिहिलं तर ही बाई जाणार. खोटं लिहिलं तर शुक्रवारी मंत्रिमहोदय ढाल हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहणार, आणि मग बाई जाईलच, वर आम्ही सगळेच जाऊ.

"तपासणीचा नमुना भरून द्यायचाय साहेब," कुंभोजकर कुजबुजले. "अठरा प्रश्न आहेत. जागेवर जाऊनच भरायचा असतो. तशी टीप आहे खाली."

"जागेवर? जागा पाण्याखाली आहे, कुंभोजकर!"

"होडी हाय की," ढेबे म्हणाला.

आणि अशा रीतीने आरोग्य सेवेचे उपसंचालक उपकेंद्राच्या तपासणीला होडीतून निघाले. ढेबे वल्हं मारत होता, सिस्टर रजिस्टर सांभाळत होत्या, कुंभोजकर मांडीवर फळकुट घेऊन त्यावर नमुना लावत होते. पोहता आमच्यापैकी फक्त ढेब्याला येत होतं. झाडाच्या शेंड्यापाशी त्याने होडी थांबवली. बगळा उडून गेला.

"हितं. बराबर खाली दवाखाना. त्यो तकडं माजा गोठा, आन् ह्यो देवळाचा पार."

मी वाकून पाहिलं. हिरवट पाण्यात माझंच तोंड दिसलं.

"प्रश्न एक," कुंभोजकरांनी घसा साफ केला. "इमारत स्वतःची की भाड्याची?"

"स्वतःची."

"दोन. इमारतीची सद्यःस्थिती?"

खरं लिहायचं होतं, आणि खोटं लिहायचं नव्हतं. मी पाण्याकडे पाहत राहिलो आणि एकाएकी मला ते सुचलं. कसं सुचलं ते आजही सांगता येत नाही.

"लिहा," मी म्हणालो. "इमारतीत ओल आढळली."

कुंभोजकरांचं पेन थांबलं. "साहेब?"

"ओल नाही का?"

त्यांनी होडीच्या काठावरून खाली पाहिलं. बराच वेळ विचार केला. आकड्यांच्या माणसाला खोटं सहन होत नाही, आणि हे खोटं नव्हतं. "आहे," ते म्हणाले. "प्रमाण विचारलंय."

"मोठ्या प्रमाणात."

"तीन. पाणीपुरवठा?"

"मुबलक. बारमाही."

"चार. परिसरात साचलेली डबकी आहेत काय?"

"डबकं असं नाही म्हणता येणार."

"पाच. डासांच्या नियंत्रणासाठी मासे सोडले आहेत काय?"

"मासं?" ढेबे म्हणाला. "हात घाला आन् धरा."

"सहा. कुंपण?"

"चारी अंगानं डोंगर हाय की वो."

मी हसलो. किती दिवसांनी कामावर असताना हसलो ते आठवेना. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या. फक्त कुंभोजकर गंभीर होते, एकेक उत्तर टिपत होते. आणि मग अकरावा प्रश्न आला. आमच्या खात्यात या प्रश्नावर माणसं निलंबित होत.

"परिचारिका मुख्यालयी राहते काय?"

पाणी होडीला लागून चुबुक चुबुक वाजत होतं.

"मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर राहते," मी म्हणालो. "काका, हाक मारा बरं एक."

ढेब्याने तोंडाला हात लावून अशी हाक घातली की डोंगरावरून चार कुत्री भुंकली आणि कुणीतरी बाईने 'ओऽ' दिली. कुंभोजकरांनी लिहिलं, 'खात्री केली.'

शेवटी अभिप्रायाचा रकाना होता. तिथे मजकूर चालत होता. मी एकेक शब्द तोलून सांगू लागलो. "ओलीमुळे सदर इमारतीत रुग्ण अथवा कर्मचारी यांनी राहणे शक्य नाही. इमारत दुरुस्तीपलीकडे आहे. सबब उपकेंद्र वरच्या बाजूस श्री. ढेबे यांच्या पडवीत हलवण्यास मान्यता असावी, आणि तेथील रहिवाशांची नोंद याच उपकेंद्राच्या हद्दीत घ्यावी."

"साहेब," कुंभोजकर म्हणाले, "उपकेंद्र 'पदासह' हलवावे असं लिहू या. नाहीतर पडवी वर जाईल आणि पद खालीच राहील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. सिस्टरांचं हसू थांबलं होतं. त्यांनी मान वळवून डोळे पुसले.

"लिहा," मी म्हणालो. "आणि खाली रेघ मारा."

त्यांनी दोन मारल्या.

अहवाल बुधवारी माणसाच्या हाती पाठवला. गुरुवारी सकाळी फोन वाजला. संचालक कडाडले, "लाटकर! ओल? हे आता सांगता?"

"सर, तपासणीतच लक्षात आलं."

"किती ओल आहे?"

"बरीच आहे, सर."

"मंत्रिमहोदयांना दम्याचा त्रास आहे, माहीत नाही तुम्हाला? अशा जागी नेऊन बसवणार होता त्यांना? दौरा रद्द. ढाल इकडे सभागृहात देऊ."

"आणि स्थलांतराचा प्रस्ताव, सर? पदासह?"

"करून टाका हो! ओलीत कुणी राहायचं असतं का? आज सही करतो."

सही झाली. सभागृहात सिस्टरांना ढाल मिळाली, हार घातला गेला, आणि मंत्रिमहोदयांनी शिंदोळ्याच्या गावकऱ्यांचं निरोगी राहिल्याबद्दल अभिनंदन केलं. बांधकाम खात्याचं मात्र पुढे दोन वर्षं पत्र येत राहिलं, की ओल कोणत्या भिंतीस आहे ते कळवावे. मी दरवेळी 'सर्व' असं कळवत असे.

गोष्ट इथे संपली असं मी धरून चाललो होतो. मी एक चांगलं काम केलं होतं आणि मनातून जरा फुगलो होतो. त्या फुगीतच एप्रिल गेला आणि मे लागला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे नेहमीसारखा चाळीस-पन्नास कागदांचा गठ्ठा आला आणि मी मान वर न करता सह्या केल्या. त्यातला एक कागद सिस्टर भिंगारदिवे यांना गेला. ती कारणे दाखवा नोटीस होती.

नोटीस कुणी मुद्दाम काढली नव्हती. ज्या उपकेंद्राचे आकडे एकदम बिघडतील त्याला आमच्याकडून ठरलेल्या नमुन्यात नोटीस आपोआप निघे. तेरा वर्षं निरंक असलेल्या शिंदोळ्यात एकाच महिन्यात ताप एकोणतीस, जुलाब अकरा, बाळंतपणं तीन, मृत्यू एक. चार जिल्ह्यांत शिंदोळे शेवटचं आलं होतं. 'आपल्या कामातील या गंभीर घसरणीबाबत आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये?' खाली माझी सही, भरदार, पूर्ण नावाची.

हे मला कळलं ते खुलासा आला तेव्हा. कुंभोजकरांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि एरवीसारखे निघून गेले नाहीत. टेबलाशीच उभे राहिले. वहीतून फाडलेला रेघी कागद होता.

'मा. उपसंचालक साहेब यांस, रत्नमाला भिंगारदिवे हिचा सविनय खुलासा की, मागील तेरा वर्षे आमच्या उपकेंद्रात ताप, जुलाब, बाळंतपण व मृत्यू निरंक होते, कारण हद्दीत माणसे नव्हती. आता आहेत. मृत्यू एक दाखवला आहे ती ठकूबाई रामा ढेबे, वय अदमासे पंच्याऐंशी. औषध चालू होते, उपयोग झाला नाही. मुक्काम शिंदोळे असा मृत्यूचा दाखला दिला. घरच्यांनी तो माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला व देवापाशी ठेवला. आजाराचे आकडे वाढले याबद्दल दिलगीर आहे. पुढेही वाढतील असे वाटते.'

लाज वाटत होती. एवढी लाज मला त्या पडवीतही वाटली नव्हती.

"साहेब," कुंभोजकरांनी विचारलं, "खुलासा मान्य म्हणून लिहू?"

"मान्य लिहा. नोटीस मागे घ्या. आणि सिस्टरांना एक पत्र लिहा, की आमची चूक झाली, आम्हाला माफ करा."

ते घुटमळले. कपाटाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "साहेब, वरच्या कार्यालयानं खालच्याची माफी मागायची, असा नमुना नाहीये आपल्याकडे."

"मग कोऱ्या कागदावर लिहा," मी म्हणालो.